सुटली

लायब्ररीतल्या कॉम्प्युटरला तासाची मुदत असते,
मागे एक बाई बाळाची गाडी हलवत उभी.
कारण काय, असं खाली विचारलं होतं.
मी मनात म्हटलं, नोकरी सुटली,
आणि यादीतल्या ज्या शब्दाचा अर्थ तसा वाटला
त्याच्यावर टिचकी मारली.

एवढंच झालं.

टोलेडोत काचेच्या बरण्या होतात.
नऊ वर्षं मी पट्ट्यापाशी उभी होते, दिव्यासमोर.
तळाला केसाएवढा तडा असला
तरी हात आधी जायचा, डोळे मागून.
फेब्रुवारीत एक भट्टी विझवली.
डॅरेल म्हणाला, घरी जा, आम्ही फोन करू.
मी घरी गेले. फोनची वाट पाहिली.
त्यांच्याकडे लिहिलं गेलं: तीन दिवस न कळवता गैरहजर,
म्हणजे स्वखुशीने.

मॉमी नदी गोठलेली, हीटरचं बिल दोनशे ऐंशी.
कोणाला होईल एवढी खुशी?

नामंजुरीचं पत्र एकोणीस दिवस फिरून आलं.
अपिलाची मुदत एकवीस,
आणि तारीख धरायची ती पत्रावरची.
औषधाच्या दुकानातून फॅक्स केला, पानाला दीड डॉलर,
पावती पर्समध्ये, बसच्या पासामागे.
मग फोन.
तुमच्या पुढे एकशे बारा जण.
स्पीकरवर टाकून मी वाल सोलले, कुकर लावला,
तुमच्या पुढे सत्याऐंशी.
भात निवला. लाईन कट.

पैसे मिळत नसले तरी
दर रविवारी दावा टाकायचाच.
काम करायला सक्षम होता का? हो.
काम शोधलं का? हो, शाळेचं किचन, विमानतळाजवळचं गोदाम.
काम नाकारलं का?
इतके पाठ झाले हे प्रश्न
की स्वप्नात आईने विचारलं, जेवलीस का,
तर मी म्हटलं, लागू नाही.

सुनावणी चौदाव्या आठवड्यात, फोनवरच, पावणेनऊला.
अधिकारी बाई क्रॅव्हिट्झ.
कंपनीकडून कोणी ब्रेट, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं.
आणि दुभाषी क्रमांक चार हजार सहाशे अकरा.
नाव सांगायचं नाही, असा नियम असतो.
पण 'मी ऐकून राहिली' म्हणाली आणि मला कळलं,
वऱ्हाडची पोर.

तुम्ही काम का सोडलं?
सुटलं, मी म्हटलं.

ती थांबली.
चार जणांचा श्वास लाईनवर.
मग इंग्रजीत म्हणाली, दुभाषीला खुलासा हवा आहे,
आणि मला, हळू:
ताई, सुटलं की सोडलं?

हातातून ताट सुटतं. एसटी सुटते.
पोट सुटतं, शाळा सुटते,
माणूस तुरुंगातून सुटला की पेढे वाटतात.
सोडायला कोणीतरी लागतं.
सुटायला कोणीच नाही लागत,
म्हणून तर आपण तसं म्हणतो, चारचौघांत.
कोणी काढलं ते सांगावं लागत नाही.

काढलं, मी म्हटलं.
मला काढलं. मी सोडलं नाही.
इंग्रजीत ते आणखी आखूड झालं.
मग डॅरेलचा मेसेज वाचून दाखवला,
अकरा फेब्रुवारी, दुपारी चार दहा,
शेवटी त्याने अंगठा टाकला होता, तोसुद्धा सांगितला.
ब्रेट कागद चाळत होता, बराच वेळ.

बावीस मिनिटं.
दुभाषी आता लाईनवरून जात आहे, ती म्हणाली,
आणि लगेच गेली नाही.
तिच्या मागे कोणी पोरगं
मोजे कुठे आहेत विचारत होतं.

निकाल जूनमध्ये आला, आठ पानं.
सातव्यावर माझं वाक्य, त्यांच्या कपड्यांत.
पंधरा आठवडे मंजूर, एक नामंजूर:
त्या रविवारी अंगात ताप होता,
सक्षम होता का विचारल्यावर
मी नाही लिहिलं होतं.

त्यावरही अपील करता येतं, एकवीस दिवसांत.
पत्राची तारीख पाहिली.
अजून सतरा आहेत.